पिंपळाखालची माती

१९७३च्या उन्हाळ्यात आमच्या आईनं थोरल्या बहिणीला शेण गोळा करायला पाठवणं बंद केलं. बहीण तेव्हा नऊ वर्षांची. दिवस दुष्काळाचे, सरपणाची मारामार, आणि गोवऱ्यांसाठी रानातून शेण आणणं हे पोरींचंच काम. तरी आई म्हणाली, "राहू दे. नाही पेटली चूल तर नाही पेटली." आजीनं कारण विचारलं. आई एकच शब्द बोलली, "मानवत."

मानवत हे गावाचं नाव आहे, हे मला पुढं बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. आमच्या तीर्थपुरीत तो शब्द रोगासारखा वापरला जायचा. पटकी आली, देवी आल्या, तसं मानवत आलं. मोठा झाल्यावर कधीतरी जालन्याहून परभणीला निघालो होतो. तेव्हा ती लाईन मीटरगेज होती. परतूर गेलं, सेलू गेलं आणि खिडकीतून पाटी दिसली, 'मानवत रोड'. पोटात गोळा आला. फलाटावर एक बाई लेकराला शेंगा सोलून देत होती. चहावाला ओरडत होता. बाकी काही नव्हतं.

आईनं तो शब्द उच्चारला तेव्हा जालना जिल्हाही नव्हता. तो झाला १ मे १९८१ला. तोवर आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, आणि मानवत परभणीत. कागदावर जिल्हे निराळे, पण गोदाकाठ एकच, सोयरिकी एकमेकांत, आणि बातमी बैलगाडीनं आली तरी पोचायचीच.

ही पुस्तिका अमोल पालेकरांच्या 'आक्रीत' (१९८१) या चित्रपटाभोवती आणि त्याच वाटेनं गेलेल्या आणखी काही चित्रपटांभोवती लिहिलेल्या टिपणांची आहे. शाळेच्या वर्गात, देवळाच्या मंडपात, कुणाच्या ओसरीवर पडदा बांधायचा, चित्रपट दाखवायचा आणि मग जमलेल्यांना बोलतं करायचं, असं काम करणाऱ्या मंडळींच्या हाताशी ती असावी, एवढाच हेतू. टिपणं लिहिणारी मुलं तरुण आहेत. प्रस्तावना माझ्याकडं मागताना म्हणाली, "सर, तुम्ही त्या काळातले." त्या काळातला असणं ही काही पात्रता नव्हे. पण त्या काळात माती कशी होती आणि माणसं ती कशासाठी उकरत होती, एवढं मला सांगता येईल.

आधी उकरण्याचंच सांगतो, कारण चित्रपटाचं मूळ तिथं आहे.

१९७२ला पाऊस गेला. त्याच्या आधीची वर्षंही धड नव्हती. विहिरी तळाला गेल्या, जनावरं मिळेल त्या भावानं विकली गेली आणि सगळा मराठवाडा दुष्काळी कामावर गेला. तलाव, रस्ते, नालाबांध, कालवे. बायका-पुरुष दिवसभर चौकडी खोदायचे, मुकादम टेप लावून मापायचा, हजेरीपटावर अंगठा उठायचा, दुपारी सुकडी मिळायची. रेशनला तांबडी मिलो. ती सुकडी खाल्लेली पिढी अजून हयात आहे. त्यांना विचारा, चव सांगतील. त्याच सुमारास पैठणला जायकवाडीचं धरण उभं राहत होतं. त्याचा डावा कालवा पुढं आमच्या भागातून परभणीकडं जाणार होता. म्हणजे दिवसा सगळा मुलूख पाण्यासाठी आणि मजुरीसाठी जमीन खोदत होता.

रात्रीही कुणी कुणी खोदत होतं. पाण्यासाठी नव्हे.

गुप्तधनाचा नाद हा निव्वळ खुळेपणा आहे असं शहरातला माणूस सहज म्हणतो. आमच्याकडं तसं म्हणणं अवघड जातं, कारण इथल्या जमिनीत खरोखरच काहीबाही सापडतं. वर पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. तिकडं भोकरदन, जुनं भोगवर्धन, जिथं उत्खननात प्राचीन वस्ती निघाली. बहुतेक जुन्या गावाला एक पांढर असते आणि तिच्यात नांगर घातला की खापरं, मणी, कधी एखादं नाणं वर येतं. गढ्या आहेत, त्यांच्या भिंती दर पावसाळ्यात ढासळतात आणि दर ढासळण्याबरोबर एक नवी कहाणी उठते. त्यात १९४८ची आठवण. रझाकारांच्या धास्तीनं ज्यांनी घरदार सोडलं, त्यांतल्या कितीकांनी डागदागिने चुलीखाली, गोठ्यात, उकिरड्यात पुरले. काहींना परत येऊन ते सापडले, काहींना नाही, काही परतलेच नाहीत. बँक नव्हती तेव्हा जमीन हीच बँक होती. तेव्हा 'अमक्याच्या वाड्यात हंडा आहे' हे वाक्य ऐकणाऱ्याला अशक्य वाटत नाही. कायद्यालाही ते अशक्य वाटत नाही. पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली तर कलेक्टरला कळवावं लागतं, असं १८७८चा कायदा सांगतो.

अशा खऱ्या मातीवर मग बाकीचं उगवतं. धनावर नाग बसलेला असतो. धन जागा बदलतं, 'चालतं'. पायाळू माणसाच्या डोळ्यांत काजळ घातलं की त्याला ते दिसतं. पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. अशा मुलांना आमच्याकडं आया जपतात, त्यांचं पायाळूपण शेजारणीलाही सांगत नाहीत. मांडूळ सापाचे भाव ठरतात. पिंपळावर मुंजा असतो आणि खालच्या जमिनीचा मालक तोच. त्याला काहीतरी दिल्याशिवाय तो देत नाही. काय द्यायचं, हे सांगायला देवऋषी असतो. नारळापासून सुरुवात होते. मग कोंबडं. मग बोकड. शब्द हळूहळू कुठं चालले आहेत, हे ऐकणाऱ्याला कळत असतं आणि तरी तो पुढचा शब्द ऐकायला थांबतो.

मानवतमध्ये तो पुढचा शब्द उच्चारला गेला.

१४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात त्या गावात आणि आसपास दहा खून झाले. मारले गेलेल्यांत एकही पुरुष नव्हता. दहा वर्षांच्या आसपासच्या पाच मुली, पस्तिशीच्या आसपासच्या चार बाया आणि एक वर्षाचं तान्हं लेकरू, तीही मुलगीच. सरकारपक्षाची मांडणी अशी होती की, गावातला एक वजनदार, नगरपालिकेत मानाचं पद भूषवलेला माणूस आणि त्याच्याजवळ राहणारी पारधी समाजातली बाई यांच्यासाठी हे झालं. बाईला मूल हवं होतं, दोघांना गुप्तधन हवं होतं, आणि पिंपळावरच्या मुंजाला कुमारिकेचं रक्त हवं आहे असं त्यांना सांगण्यात आलं होतं. तपास मुंबईहून आलेल्या रमाकांत कुलकर्णींनी तडीस नेला. १९६८मध्ये रामन राघव प्रकरणाचा तपास चालवणारे ते हेच अधिकारी. खटला परभणीला चालला, तिथून उच्च न्यायालयात, आणि १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी त्याचा निकाल लिहिला. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर कितपत विसंबायचं आणि शिक्षा ठोठावण्यापूर्वी आरोपीचं म्हणणं कसं ऐकायचं, या दोन मुद्द्यांसाठी वकील मंडळी तो निकाल अजून काढतात. खालच्या कोर्टाचं सगळंच काही वर टिकलं नाही. म्हणून या पुस्तिकेत आरोपींची नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. शेवटचे काही खून मुंजासाठी नव्हते, असं सरकारपक्षाचंच म्हणणं होतं. मुख्य संशयित पोलिसांच्या ताब्यात असताना बाहेर आणखी खून पडले, की खरा खुनी मोकळाच आहे असं दिसेल आणि आतले सुटतील, असा तो हिशेब. एका आईला तिच्या दोन लेकींसह मारलं, त्यांतली एक अंगावर पिणारी. तिथं ना देव होता, ना नवस, ना हंडा. तिथं फक्त कोर्टाची तारीख होती.

म्हणजे ज्या हातांनी श्रद्धेपोटी मारलं असं आपण म्हणतो, त्याच हातांना गरज पडताच श्रद्धेवाचूनही मारता आलं. मग आधीही तो हात कोण चालवत होतं?

विजय तेंडुलकरांना हा प्रश्न दिसला असावा, असं 'आक्रीत' पाहताना सारखं वाटतं. १९७०च्या दशकात त्यांनी नेहरू फेलोशिप घेऊन समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास मांडला होता. 'निशांत' आणि 'सामना' त्याच दशकातले, दोन्ही १९७५चे, दोन्हींत गावातली सत्ता आणि तिच्या पोटातला खून. 'आक्रीत' त्यांनी लिहिला आणि पालेकरांनी दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणून त्यांचा तो पहिलाच चित्रपट. वाड्याचा मालक मुकुटराव ते स्वतः झाले आणि त्याच्याजवळ राहणारी रुही झाल्या चित्रा पालेकर.

नावाबद्दल थोडं. आक्रीत म्हणजे अघटित, भलतंच काही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या हा शब्द फार वापरतात. तरणा माणूस गेला, "आक्रीत झालं." उभ्या पिकावर गारा पडल्या, "आक्रीतच की." या शब्दाची सोय अशी की, तो उच्चारला की कुणाचा दोष उरत नाही. वीज पडावी तसं ते वरून पडलेलं असतं. मला या नावात लेखकाचा तिरकसपणा दिसतो. पडद्यावर जे घडतं त्यातलं काहीच वरून पडत नाही. सगळं ठरवून, पैसे देऊन, माणसं नेमून होतं. मजुरी ठरते. कामाची वाटणी होते. दुष्काळी कामावरच्या मुकादमाची आणि वाड्यातल्या मालकाची भाषा फारशी वेगळी नव्हती, हे त्या काळात चौकडी खोदलेल्याला सांगावं लागत नाही.

अशा चित्रपटाला आजकाल सायकॉलॉजिकल थ्रिलर म्हणतात. म्हणोत. पण त्या नावाची एक खोड आहे. ते ऐकलं की प्रेक्षक वेडा शोधायला बसतो. कुणाचं तरी डोकं फिरलेलं असणार, लहानपणी काहीतरी झालेलं असणार, शेवटी डॉक्टर किंवा पोलीस ते उलगडून सांगणार आणि आपण घरी जाणार. मुकुटरावाचं डोकं फिरलेलं नाही. ते शाबूत आहे, हीच भीती आहे. देवऋष्यासमोर तो भाविकासारखा बसत नाही, गिऱ्हाइकासारखा बसतो. किती लागेल, किती दिवसांत होईल, आणि नाही झालं तर? त्याच्या मनाच्या अंधारात डोकावून पाहिलं तर तिथं एक खतावणी उघडी पडलेली दिसते.

आणि हे सगळं पालेकरांच्या तोंडावर. ज्यांना तो काळ आठवत नाही, त्यांना यातली गोम कळायची नाही. 'रजनीगंधा', 'छोटी सी बात', 'गोलमाल' करून पालेकर तोवर घराघरातला सज्जन, थोडा बुजरा, बसच्या रांगेत उभा राहणारा जावई झाले होते. 'भूमिका'मध्ये त्यांनी निराळा रंग दाखवला होता, पण तो किती जणांच्या लक्षात राहिला? त्या चेहऱ्यावर लोकांचा जीव होता. दिग्दर्शक म्हणून पहिल्याच चित्रपटात त्यांनी तो चेहरा मुकुटरावाला दिला. चेहऱ्याकडं बघून आपण माणसाबद्दल काय ठरवतो, याची ती परीक्षा होती, आणि प्रेक्षक नापास व्हावा म्हणूनच काढलेला पेपर होता. गंमत पाहा, २०२४च्या ऑक्टोबरात याच प्रकरणावर 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली. आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली, कुलकर्णींच्या आठवणींच्या पुस्तकावर आधारलेली. त्यात वाड्याच्या मालकाची भूमिका मिळाली मकरंद अनासपुरे यांना, म्हणजे मराठवाड्याच्या बोलीवर सगळ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाला. त्रेचाळीस वर्षांच्या अंतरानं दोन वेगळ्या माणसांना तीच युक्ती सुचली. आपल्यातला, आवडीचा, ओळखीचा चेहरा निवडायचा. दोघांनाही ते बरोबरच सुचलं. गावात असा माणूस अनोळखी नसतोच. तो लग्नात पुढं असतो, सप्त्याला वर्गणी देतो, तंटा मिटवतो.

मालिकेबद्दल मुलांनी सविस्तर लिहिलं आहे. मी एकच फरक नोंदवतो. मालिकेत आपण पोलीस अधिकाऱ्याच्या खांद्यावरून पाहतो. त्या अधिकाऱ्याच्या भूमिकेतले आशुतोष गोवारीकर जीपमधून गावात उतरतात आणि आपल्याला बरं वाटतं. कुणीतरी आलं, आता छडा लागेल. 'आक्रीत'मध्ये हे बरं वाटणं आपल्या वाट्याला फारसं येत नाही. तिथं आपण बराच काळ वाड्याच्या आतच अडकलेले असतो. दोन्ही रीती चुकीच्या नाहीत. पण रात्री झोप मोडते ती दुसरीनं.

आता एक अडचणीची बाजू. 'आक्रीत' आणि मालिका, दोन्हींच्या मध्यभागी पारधी समाजातली बाई आहे, आणि गावात चित्रपट संपल्यावर पहिला शेरा ठरलेला असतो, "त्या लोकांत असलंच असतं." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, चांगल्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं कितीतरी जमातींवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२मध्ये गेला, शिक्का गेला नाही. आजही चोरी झाली की पहिली गाडी पालावर जाते. तेव्हा चित्रपट दाखवणाऱ्यानं या शेऱ्याची वाट पाहावी आणि तो आला की तिथंच थांबून विचारावं: वाडा कुणाचा होता? पैसा कुणाचा? नगरपालिकेत मान कुणाला? मारल्या गेलेल्या मुली ज्या घरांतल्या होत्या, त्या घरांत मोलमजुरीशिवाय दुसरं काय होतं? आजवर मी दोन-तीन ठिकाणी हे विचारून पाहिलं. मंडपात जी शांतता पसरते, ती चित्रपटानंतरच्या शांततेहून वेगळी असते.

शांततेचाच विषय निघाला म्हणून. या जातीच्या चित्रपटांत 'खून कोणी केला' हा प्रश्न लवकर जुना होतो. गावाला बरंच आधी कळलेलं असतं. पाणवठ्यावर कुजबुज असते, पारावर विषय निघतो आणि वाड्यातला गडी येताना दिसला की पावसापाण्याचा निघतो. आमच्या आईलाही कुणीतरी सांगितलं होतं म्हणूनच तिनं बहिणीला घरी ठेवलं. पण कुणी सांगितलं, आणि सांगणाऱ्याला काय काय ठाऊक होतं, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. साठ-सत्तर किलोमीटरवरच्या आमच्या गावात एवढी धास्ती होती, तर खुद्द तिथल्या गल्लीत किती माहिती असेल? मला हा खुनाइतकाच मोठा विषय वाटतो, आणि तो पडद्यावर दाखवणं फार अवघड, कारण गप्प बसण्याला दृश्य नसतं.

श्रद्धेच्या नावानं होणाऱ्या हिंसेचा विषय महाराष्ट्राबाहेरही माणसांनी हाताळला आहे. सत्यजित राय यांच्या 'देवी'मध्ये (१९६०) रक्ताचा थेंब नाही. सासऱ्याला स्वप्न पडतं की सून साक्षात कालीचा अवतार आहे. मग तिला चौरंगावर बसवतात, आरती होते, आजारी मुलं तिच्या पायाशी आणून ठेवतात. औषधाऐवजी तीर्थ दिल्यानं घरातलंच लाडकं पोर दगावतं तेव्हा कळतं, सूड नसताना, द्वेष नसताना, निव्वळ भक्तीनं किती निर्दयपणा करता येतो. तो जमीनदार सासरा खोटा नाही, हे पाहवत नाही. अमेरिकेतला 'फ्रेल्टी' (२००१) नेमका याच जागी कुऱ्हाड घालतो: दोन मुलांचा प्रेमळ बाप एका रात्री उठवून सांगतो की देवानं यादी दिली आहे, राक्षस मारायचे आहेत. आणि ब्रिटनमध्ये १९७३ साली, म्हणजे इकडं मानवत पेटलेलं होतं त्याच वर्षी, 'द विकर मॅन' आला. स्कॉटलंडजवळच्या बेटावर सफरचंदाचं पीक बुडतं आणि पुढच्या हंगामासाठी माणूस जाळायचा ठरतो. जाळणारे गाणी म्हणत असतात. ज्या भागात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळताना पाहिल्या आहेत, तिथं तो चित्रपट परका वाटत नाही. पीक गेलेल्या माणसाला कुणी काहीही सांगावं आणि त्यानं ते ऐकावं, अशी वेळ येते.

आपल्याकडं अलीकडचा म्हणजे राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८). भाषा हिंदी, पण पाऊस, वाडा आणि लोभ अस्सल कोकणातले. त्याच्याबद्दल मुलांमध्ये फार उत्साह आहे, पुस्तिकेत त्यावर सगळ्यांत लांब टिपण आहे. मला स्वतःला तो 'आक्रीत'पेक्षा सोपा वाटतो, कारण त्यातला राक्षस खरा आहे. राक्षस असला की माणसाचं ओझं थोडं हलकं होतं. मुलांना हे पटत नाही. वाद छापून ठेवला आहे, वाचावा.

आता ज्यांना हा सगळा प्रकार देवाधर्माची निंदा वाटेल, त्यांच्याशी दोन शब्द. मी तीर्थपुरीचा आहे. आमच्या तालुक्यातच जांब आहे, समर्थ रामदासांचं जन्मगाव. नदीनं वर गेलं की नाथांचं पैठण. पंढरीची वाट आमच्या घरापासून सुरू होते आणि ती मी पायी चाललो आहे. या वाटेवरच्या लोकांनीच नवसाच्या बाजारावर पहिले कोरडे ओढले. नाथांनी भारुडात भूतं नाचवली ती भूतं पळवण्यासाठी. गाडगेबाबा जत्रेत उभे राहून बोकड कापणाऱ्यांना जे बोलायचे, ते आज एखाद्या कार्यकर्त्यानं बोलून दाखवावं. म्हणजे मुंजाच्या पिंपळाशी भांडण लावणारे लोक बाहेरून आलेले नव्हते, टाळ घेऊन उभे होते. २०२२च्या ऑगस्टमध्ये जांबच्या राममंदिरातल्या पुरातन मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा आमच्या पंचक्रोशीत कित्येक घरांत चूल पेटली नाही. पुढं पोलिसांनी त्या परत मिळवल्या. देवाची किंमत बाजारात काढणारे आणि देवाला किंमत देऊन काम करून घेणारे, या दोघांत मला मोठा फरक दिसत नाही. दुखावायचंच झालं तर यांच्यामुळं दुखावू या, चित्रपटामुळं नको.

आणि हे सगळं जुनं झालं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं म्हैसाळ आठवावं. २० जून २०२२ला सांगली जिल्ह्यातल्या या गावात एकाच कुटुंबातली नऊ माणसं दोन घरांत मेलेली सापडली. आधी सामूहिक आत्महत्या म्हणून बातमी आली, सावकारांवर गुन्हे दाखल झाले. मग पोलिसांनी सांगितलं की गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्या मांत्रिकानं विष दिलं. मानवतनंतर पन्नास वर्षांनी, ऊस पिकवणाऱ्या, रस्ते-वीज-बँका असलेल्या, सुशिक्षित पट्ट्यात, शिकल्या-सवरल्या घरात हंड्याचं तेच आमिष. दरम्यान कायदाही झाला होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले; २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या, आणि काही दिवसांतच अध्यादेश निघाला. त्या वर्षअखेरीस विधिमंडळात कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाचा, भानामतीचा, नरबळीचा नाव घेऊन उल्लेख आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. गावात चित्रपट दाखवताना या कायद्याची एक प्रत जवळ ठेवावी. पोलीस पाटलाला ती वाचून दाखवायला लावलं तर आणखी चांगलं.

टिपणांच्या दर्जाबद्दल सांगायचं तर तो सारखा नाही. 'आक्रीत'च्या संवादांवरचं टिपण उत्तम आहे, लिहिणाऱ्या मुलीला कान आहे. 'देवी'वरचं घाईत उरकलंय. परदेशी चित्रपटांवरच्या टिपणांत कथा फार आणि विचार थोडा. पण एका गोष्टीसाठी मी सगळ्यांना शाबासकी देईन. कुणीही रक्ताची दृश्यं मिटक्या मारत वर्णन केलेली नाहीत. या विषयावर लिहिताना तो मोह टाळणं सोपं नसतं.

दाखवणाऱ्यांना अनुभवातून आलेल्या एक-दोन सूचना. अमावास्येची रात्र वगैरे वातावरणनिर्मिती करू नका, दिवसाउजेडी दाखवा. बायकांना मागं बसवू नका. हा त्यांचा विषय आहे, मेलेल्या सगळ्या त्यांच्यातल्या होत्या. चित्रपट संपल्यावर आधी भाषण ठोकू नका. पुरुष लगेच बोलतात आणि मांत्रिकाला शिव्या देतात. ते ओसरू द्या. एखादी म्हातारी बऱ्याच वेळानं काहीतरी पुटपुटते. आमच्या इथं एक म्हणाली, "आमाला म्हाईत व्हतं. पर वाड्याचं नाव कोन घेनार?" त्या दिवशीची चर्चा तिथून सुरू झाली आणि चहा दोनदा करावा लागला.

शेवटची विनंती वाचकांना. मालिकेनंतर पोरं मोटारसायकली काढून 'ती जागा' बघायला निघतात, तो पिंपळ कुठं होता, तो वाडा कुठला, असं विचारत फिरतात. मारल्या गेलेल्या मुलींची आणि बायांची नावं आम्ही या पुस्तिकेत छापलेली नाहीत. आज त्या मुली असत्या तर माझ्या बहिणीएवढ्या असत्या. त्यांचे भाऊ, भाच्या, पुतणे याच गोदाकाठी नांदत असतील, बाजाराला येत असतील, पोरींना शाळेत घालत असतील. मानवतला जाणं झालं तर कामानं जा, बाजार करा, चहा प्या. कुणाच्या दारात उभं राहून मोबाईल काढू नका.

तीर्थपुरी, ता. घनसावंगी, जि. जालना